खेळ कधी आजार ठरतो

गेमच्या नादी लागलेल्या मुलाला घेऊन आई-वडील मानसोपचारतज्ज्ञाकडे जातात, तेव्हा त्यांच्या तोंडून बहुधा सगळ्यात आधी एक आकडा निघतो. "डॉक्टर, रोज सात-आठ तास खेळतो." डॉक्टर तो लिहून घेतात आणि मग वेगळंच काही विचारू लागतात. झोपतो किती वाजता? शाळेला दांड्या कधीपासून पडायला लागल्या? पूर्वी संध्याकाळी मैदानावर जायचा ना, ते नेमकं कधी थांबलं? जेवायला सगळ्यांबरोबर बसतो का? गेल्या वर्षा-दोन वर्षांत घरात काय काय घडलं? आई-वडील गोंधळतात. मोबाइलची तक्रार घेऊन आलो, हे मैदानाचं कशाला विचारताहेत? पण निदान होतं ते याच प्रश्नांमधून. तासांवरून ते होत नाही.

एवढी एक गोष्ट घराघरांत नीट पोहोचली तर बरीच भांडणं टळतील आणि ज्यांना खरोखर मदत हवी आहे त्यांना ती वेळेवर मिळेल, असं मला मनापासून वाटतं.

जागतिक आरोग्य संघटना रोगांचं एक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण ठेवते. जगभरचे डॉक्टर, सरकारं आणि विमा कंपन्या त्याचा आधार घेतात. त्याची अकरावी आवृत्ती जून २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं तिला मान्यता दिली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. तिच्यात 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार पहिल्यांदा नोंदला गेला, तोही जुगाराच्या विकाराशेजारी, व्यसनासारख्या वर्तनांच्या गटात. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. एक, खेळण्यावरचा ताबा सुटतो: कधी सुरू करायचं, किती वेळ खेळायचं, कधी उठायचं, हे आपल्या हातात राहत नाही. दोन, खेळाला इतकं महत्त्व येतं की बाकीच्या आवडी आणि रोजची कामं मागे पडत जातात. तीन, नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. या तिन्हींमुळे माणसाच्या घरात, शिक्षणात, नोकरीत, नात्यांमध्ये ठळक बिघाड झालेला असला पाहिजे किंवा त्याला स्वतःला मोठा त्रास होत असला पाहिजे. आणि हे चित्र साधारण बारा महिने टिकलेलं असावं. लक्षणं फार तीव्र असतील तर एवढं थांबायची गरज नाही.

या व्याख्येत तासांचा आकडा कुठेही नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही.

समजा, बारावीची परीक्षा संपलेला एक मुलगा उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज सहा तास खेळतो. रात्री अकराला झोपतो, मित्रांबरोबर किल्ल्यावर जायचं ठरलं की मोबाइल बाजूला टाकून निघतो, कॉलेज सुरू झालं की खेळणं आपोआप कमी होतं. याला आजार नाही. आता दुसरा मुलगा घ्या. तो रोज तीनच तास खेळतो, पण ते तीन तास रात्री एक ते चार या वेळातले आहेत. सकाळी उठवत नाही म्हणून पहिले दोन तास वर्गात नसतो. हे थांबवायचं असं त्यानं स्वतःच दोन-तीनदा ठरवलं आणि जमलं नाही. तबल्याचा क्लास सुटला. आजीशी बोलणं सुटलं. आकडा निम्मा आहे, तरी काळजी करावी ती या दुसऱ्या मुलाची.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं जागतिक आरोग्य संघटनेच्या आधीच या प्रश्नाला हात घातला होता. २०१३ मध्ये आलेल्या तिच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत हा विकार 'अजून अभ्यास हवा' अशा विभागात ठेवला गेला. २०२२ च्या सुधारित आवृत्तीतही तो तिथेच आहे. त्यांनी नऊ निकष दिले आणि वर्षभरात त्यांपैकी पाच जुळले तर विकार मानावा, असं सुचवलं. मनात सतत खेळाचे विचार, खेळायला न मिळाल्यास चिडचिड, हळूहळू जास्त वेळ लागणं, कमी करण्याचे फसलेले प्रयत्न, इतर छंद सुटणं, त्रास कळूनही खेळत राहणं, किती खेळतो याबद्दल खोटं सांगणं, उदासी विसरण्यासाठी खेळणं, आणि शेवटी नातं, नोकरी किंवा शिक्षण धोक्यात येणं.

ही यादी वाचताना कुठल्याही आईच्या लक्षात येईल की हे सगळे निकष एका वजनाचे नाहीत. चौदा वर्षांचा मुलगा "फक्त दहा मिनिटं खेळलो" असं खोटं सांगतो, यात आजार किती आणि वय किती? दिवसभराच्या कंटाळ्यानंतर मन रमवायला कुणी खेळत असेल तर तेही लक्षण म्हणायचं का? हे निकष मुळात दारू, अमली पदार्थ आणि जुगार यांच्या अभ्यासातून आले. खेळाला ते जसेच्या तसे लावले की निरोगी पण खेळवेडी मुलंही जाळ्यात सापडतात. शेवटचा निकष मात्र वेगळा आहे, तो प्रत्यक्ष नुकसानाबद्दल बोलतो. जागतिक आरोग्य संघटनेनं नुकसानालाच केंद्रस्थानी आणलं, आणि म्हणून मला तिची व्याख्या अधिक रास्त वाटते.

अर्थात, ती व्याख्याही वाद झाल्याशिवाय आली नाही. २०१७ मध्ये वीसहून अधिक अभ्यासकांनी एक खुला निबंध लिहून या प्रस्तावाला विरोध केला. पुरावा अपुरा आहे, पालकांमध्ये घबराट पसरेल, आणि मुळात उदास किंवा घाबरलेल्या मुलावर 'गेमचं व्यसन' असा शिक्का बसून खरं दुखणं तसंच राहील, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या बाजूला रुग्ण तपासणारे डॉक्टर होते. ही माणसं रोज आमच्यासमोर येऊन बसतात. आजाराला नाव नसेल तर उपचार, संशोधन आणि विमा यांपैकी काहीच त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, असं ते सांगत होते. दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला पटतं, पण पहिल्या बाजूची भीती खोटी नव्हती. मुलांच्या शिक्षकांनी आणि पालकांनी ती लक्षात ठेवावी.

प्रमाण किती, याचं उत्तर मोजणाऱ्याच्या काटेकोरपणावर अवलंबून असतं. २०१७ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानुसार सर्वसाधारण लोकसंख्येत हा विकार ०.३ ते १ टक्क्यांच्या आसपास असावा. २०२१ मध्ये जगभरच्या पाहण्या एकत्र करून काढलेली सरासरी ३.०५ टक्के आली, आणि त्यांतल्या नीट नमुना निवडलेल्या पाहण्याच घेतल्या तर ती १.९६ टक्क्यांवर उतरली. म्हणजे खेळणाऱ्यांतले बहुसंख्य आजारी नाहीत. पण भारतासारख्या देशात एक टक्का म्हणजेसुद्धा केवढी मोठी संख्या होते!

निरोगी आणि आजारी या दोन टोकांमध्ये एक मधली पायरी आहे, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच वर्गीकरणात 'धोकादायक गेमिंग' अशी वेगळी नोंद आहे. ती आजाराची नाही. खेळण्याच्या पद्धतीमुळे शरीराला किंवा मनाला इजा होण्याचा संभव वाढलाय, एवढंच ती सांगते. अनेक घरं याच पायरीवर असतात. त्यांना गोळ्या लागत नाहीत, दाखल होणं लागत नाही. दोन-चार वेळा समुपदेशकाशी बोलणं आणि घरातल्या वेळापत्रकाची नव्यानं मांडणी, एवढ्यावरही पुष्कळ सुधारणा होते.

या खेळांचा विळखा इतका घट्ट का बसतो, हेही समजून घ्यायला हवं. नाहीतर सगळा दोष मुलाच्या इच्छाशक्तीवर जातो. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं गेल्या शतकात प्राण्यांवर प्रयोग करून दाखवलं की, बक्षीस दर वेळी न देता अनिश्चितपणे, अधूनमधून दिलं, की ते मिळवण्याचा प्रयत्न सर्वांत चिवट होतो. आजच्या अनेक खेळांमध्ये पेटी उघडली की आत काय निघेल हे ठाऊक नसतं. तिच्यात बंदुकीची दुर्मीळ 'स्किन' असेल किंवा काहीच कामाचं नसेल. अशा पैसे घेऊन उघडायच्या पेट्या बेल्जियमनं २०१८ मध्ये जुगारात मोडतात असं ठरवलं. त्याच्या जोडीला रोज हजेरी लावल्याचं बक्षीस, ठरावीक काळानं संपणारा 'सीझन', आणि सीझन संपला की खाली घसरणारी रँक. एक दिवस चुकला तरी काहीतरी गमावल्यासारखं वाटावं, अशीच ती रचना असते.

पण माझ्या मते याहून मोठा धागा माणसांचा असतो. चार जणांचं स्क्वॉड असतं. मधेच उठलं तर बाकीचे तिघे हरतात, शिव्या देतात, उद्या घेत नाहीत. आईनं "जेवायला ये" म्हणून हाक मारली आणि मुलगा "पाच मिनिटं" म्हणाला, तर तो दर वेळी टाळतोच असं नाही. तो सामना अर्ध्यावर थांबवताच येत नाही, आणि पबजीच्या धर्तीचा एक सामना संपायला अर्धा तास सहज लागतो. हे कळलं की "आत्ताच्या आत्ता बंद कर" याऐवजी "हा सामना संपला की उठ, दुसरा सुरू करू नकोस" असं सांगता येतं. ही अट मुलाला न्याय्य वाटते आणि पाळली गेली की नाही हेही लगेच दिसतं. आजारी नसलेल्या मुलांच्या घरात एवढ्या बदलानंही रोजचा तमाशा पुष्कळ कमी होतो.

मेंदूतल्या डोपामीनबद्दल आजकाल फार बोललं जातं. १९९८ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या प्रयोगात, व्हिडिओ गेम खेळताना मेंदूत डोपामीन स्रवतं असं दिसलं होतं. पण डोपामीन आवडीचं जेवण जेवतानाही वाढतं. तेवढ्यावरून गेम म्हणजे अमली पदार्थच, असा निष्कर्ष काढणं चुकीचं आहे. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: गेमिंग डिसऑर्डर ओळखणारी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा स्कॅनही नाही. अशी तपासणी करून 'व्यसन किती टक्के' ते सांगतो असं कुणी म्हणत असेल, तर तिथून निघून यावं.

मग निदान करतात कसं? बोलून. आणि त्याला वेळ लागतो. आधी सगळ्यांशी एकत्र, मग मुलाशी एकट्याशी, मग आई-वडिलांशी. जाणता तज्ज्ञ मुलाला पहिल्यांदा "किती खेळतोस?" विचारत नाही, "काय खेळतोस? रँक काय आहे तुझी? टीममध्ये कोण कोण असतं?" असं विचारतो. मूल खुलतं. घरात महिनोन् महिने ज्या गोष्टीवरून त्यानं फक्त बोलणी खाल्ली, तिच्याबद्दल कुणीतरी खऱ्या कुतूहलानं ऐकत असतं. खेळात तो कोण आहे आणि घरात-शाळेत तो कोण आहे, यांतलं अंतर त्या बोलण्यातून उमगत जातं. वर्गात कधी हात वर न करणारा मुलगा तिथे तिघांना हुकूम देत असतो.

प्रश्नावल्यांचाही उपयोग होतो. २०१५ मध्ये पॉन्टेस आणि ग्रिफिथ्स यांनी तयार केलेली नऊ प्रश्नांची एक छोटी मोजपट्टी बरीच वापरली जाते. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, म्हणजे एकूण ९ ते ४५. पण ती चाळणी आहे. गुण जास्त आले तर नीट तपासायचं, एवढाच तिचा अर्थ. घरी बसून ती भरायची आणि मुलाच्या तोंडावर निकाल फेकायचा, हे करू नये.

निदानाचा सगळ्यात नाजूक भाग पुढे येतो: खेळामागे काय आहे? लक्ष एकाग्र न होणं आणि अतिचंचलता म्हणजे एडीएचडी, नैराश्य, लोकांसमोर जायची तीव्र भीती, स्वमग्नता, वाचन-लेखनातली अक्षमता, शाळेत होणारी छळवणूक, घरातला मृत्यू किंवा वडिलांचं दारू पिणं. यांपैकी काहीतरी अनेकदा सापडतं. एडीएचडी असलेल्या मुलाला वर्गात पंचेचाळीस मिनिटं बसणं हा छळ असतो आणि खेळात दर काही सेकंदांना काहीतरी घडत असतं. तो तिकडे ओढला जाणार यात नवल नाही. मात्र सगळ्याचं खापर आधीच्या दुखण्यावर फोडणंही बरोबर नाही. सिंगापूरमध्ये तीन हजारांहून अधिक मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा करून २०११ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आवेगी स्वभाव, मित्र जोडण्यातली अडचण आणि जास्त खेळणं हे आधीचे धोके दिसले, तर नैराश्य, चिंता आणि घसरलेले गुण हे नंतरचे परिणाम दिसले. म्हणजे वाट दोन्ही दिशांनी जाते. म्हणूनच तज्ज्ञ तारखा विचारतात: मैदान कधी सुटलं, खेळ कधी वाढला, हसणं कधी थांबलं. कशानंतर काय आलं, यावर उपचार कुठून सुरू करायचे ते ठरतं.

पैशांचे खेळ इथे वेगळे काढले पाहिजेत. ऑनलाइन रमीत पगार आणि कर्ज घालवलेला तरुण 'गेमच्या व्यसना'ची तक्रार घेऊन येतो, पण त्याचा आजार बहुधा जुगाराचा असतो. त्याचं निदान वेगळं आणि कर्जाचं ओझं असल्यानं आत्महत्येचा धोकाही वेगळ्या पातळीवरचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. बंदीनं नवी माणसं अडकण्यापासून वाचतील अशी आशा आहे. जी आधीच अडकली आहेत त्यांना उपचार लागतीलच.

उपचारांकडे वळताना आधी सरकारांनी काय करून पाहिलं ते बघू. दक्षिण कोरियानं २०११ मध्ये कायदा केला: सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद. २०२२ च्या सुरुवातीला तो रद्द झाला. चीननं २०१९ मध्ये अल्पवयीन मुलांच्या तासांवर मर्यादा आणली आणि २०२१ मध्ये ती आणखी आवळली: फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, रात्री आठ ते नऊ. २०१९ च्या मर्यादेनं अतिखेळणं घटल्याचा पुरावा मिळत नाही, असं प्रचंड माहिती तपासून २०२३ मध्ये संशोधकांनी नोंदवलं. आपल्याकडे सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली. कारण अर्थात वेगळं होतं, देशाच्या सुरक्षेचं. पण कित्येक पालकांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढच्याच वर्षी तो खेळ भारतीय नावानं परत आला. तासांना कुलूप लावून ताबा परत येत नाही, असं या तिन्ही गोष्टींवरून मला वाटतं.

चीनमध्ये याहून भयानकही घडलं. 'इंटरनेटचं व्यसन' सोडवण्याच्या नावाखाली मुलांना शिबिरांत कोंडलं गेलं, विजेचे झटके दिले गेले. २००९ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाला विजेच्या त्या 'उपचारा'वर बंदी घालावी लागली. हे दूरचं म्हणून सोडून देऊ नये. हताश आई-वडील आपल्याकडेही 'सुधारून देतो' म्हणणाऱ्या कुठल्याशा केंद्रात मुलाला टाकायला तयार होतात. आपल्या देशात २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आहे. मानसिक आजारी माणसाला साखळीनं बांधणं त्यात पूर्णपणे मना आहे, अल्पवयीन मुलाला दाखल करण्याचे कडक नियम आहेत, आणि अशी दाखल करून घेणारी केंद्रं नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे. नोंदणीचा कागद मागायला संकोच करू नका. भेटू दिलं जात नसेल तर मुलाला तिथे ठेवू नका.

प्रत्यक्षात बहुतेकांना दाखल व्हावंच लागत नाही. पुरावा सर्वांत चांगला आहे तो विचार आणि वर्तन बदलण्याच्या थेरपीचा, ज्याला सीबीटी म्हणतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या चार बाह्यरुग्ण केंद्रांत १४३ पुरुषांवर झालेली एक चाचणी २०१९ मध्ये जामा सायकियाट्रीत प्रसिद्ध झाली. आठवड्याला एक अशी गटातली पंधरा सत्रं, जोडीला व्यक्तिगत सत्रं. उपचार घेतलेल्या ७२ जणांपैकी ५० जण लक्षणमुक्त झाले. प्रतीक्षायादीतल्या ७१ जणांपैकी १७. हे सगळे पुरुष होते, मुली आणि लहान मुलं त्यात नव्हती, हे विसरू नये. तरी अशा विकारात इतका ठळक फरक दिसणं ही आशेची बाब आहे.

या थेरपीत घडतं काय? पहिल्या काही भेटी तर 'सोड' असं कुणी म्हणतच नाही. खेळातून काय मिळतं आणि त्यापायी काय जातं, हे मूल स्वतःच्या तोंडानं सांगेपर्यंत तज्ज्ञ थांबतो. मग साधी डायरी: कधी खेळावंसं वाटलं, त्याआधी काय झालं होतं, मनात काय आलं. "मी उठलो तर टीम हरेल", "इतका वेळ घातलाय तर आता रँक मिळवूनच उठू", "शाळेत मला कोण विचारतं, इथे तरी मान आहे". ही वाक्यं कागदावर आली की त्यांच्याकडे बघता येतं, तपासता येतं. त्याचबरोबर झोप मार्गी लावतात; माझ्या मते ही सर्वांत आधीची पायरी असावी, कारण चार तास झोपलेल्या मुलाशी कुठलीच थेरपी होत नाही. मोबाइल रात्री झोपायच्या खोलीबाहेर, आणि हा नियम आई-वडिलांनाही लागू. मग येते सर्वांत अवघड गोष्ट: जे टाळण्यासाठी खेळ सुरू झाला होता, त्याला तोंड देणं. तीन महिने शाळेत न गेलेल्या मुलाला खेळ सोडण्यापेक्षा वर्गाच्या दारातून आत जाणं कितीतरी कठीण असतं. त्यासाठी शाळेशी बोलावं लागतं, सुरुवातीला दोनच तास पाठवावं लागतं, बाजूला कुणी ओळखीचा मित्र बसेल असं बघावं लागतं.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. गेमिंग डिसऑर्डरसाठी म्हणून मान्यता मिळालेलं औषध नाही. कोरियात बुप्रोपिऑन आणि मिथाइलफेनिडेट यांच्यावर छोटे अभ्यास झाले, त्यात फायदा दिसला. पण आज औषध दिलं जातं ते मुख्यतः सोबतच्या नैराश्यासाठी, चिंतेसाठी किंवा एडीएचडीसाठी. त्या दुखण्याला औषधाची गरज असेल तर घाबरून नाकारू नये.

घराचाही उपचार करावा लागतो. दारूच्या बाबतीत पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं १९८६ पासून हे मराठी समाजाला दाखवून दिलंय. फरक एवढाच की दारू कायमची सोडता येते; मोबाइल सोडता येत नाही, त्यावर शाळेचा गृहपाठ येतो. म्हणून इथे ध्येय बहुधा ठरावीक खेळ पूर्ण बंद आणि बाकी वापर मर्यादेत, असं ठरवावं लागतं, तेही मुलाशी बोलून. बाबा "नाही" म्हणतात आणि आजी गुपचूप आपला फोन देते, अशा घरात कुठलाच करार टिकत नाही. आणि मोबाइल अचानक हिसकावून फोडण्याचा प्रकार तर कधीच करू नये. त्या क्षणी मुलाच्या हातून त्याचं एकमेव जग गेलेलं असतं. राग, तोडफोड, क्वचित स्वतःला इजा करण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. मुलानं मरण्याची भाषा केली तर ती धमकी समजून सोडू नका. त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मदत कुठे मिळते? जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. ठाण्यातली आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्यात काम करते. फक्त याच प्रश्नासाठी वेगळं क्लिनिक हवं असेल तर बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ साली सुरू झालेलं 'शट' क्लिनिक देशातलं पहिलं, आणि दिल्लीच्या एम्समध्ये २०१६ पासून वर्तनाच्या व्यसनांसाठी क्लिनिक आहे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना सांगायचं तर, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं २०१९ मध्ये लंडनला गेमिंगच्या विकारासाठी खास केंद्र उघडलं आहे. खाजगीत जायचं असेल तर एवढं पाहा: औषध लिहिण्याचा अधिकार मानसोपचारतज्ज्ञाला असतो, थेरपी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ देतो, आणि 'लाइफ कोच' यांपैकी कोणीच नसतो.

बऱ्याच घरांत गाडी अडते ती याच्याही आधी. मूल म्हणतं, "मी वेडा नाही, मी येणार नाही." अशा वेळी ओढून नेऊ नका आणि थांबूनही राहू नका. पहिल्यांदा आई-वडिलांनीच जावं, शक्यतो दोघांनी. तज्ज्ञ पालकांबरोबर काम सुरू करू शकतात: घरी कसं बोलायचं, कशावरून भांडण करायचं नाही, कुठली मर्यादा आजच लावायची आणि कुठली महिन्यानं. जाताना एका कागदावर तारखांसह लिहून न्या: झोप कधी बिघडली, शाळा कधी सुटली, कोणते मित्र कधी दुरावले, घरात त्या सुमारास काय झालं, पैसे कधी आणि किती गेले. मुलाच्या चांगल्या गोष्टीही त्याच कागदावर लिहा, अजूनही तो कशात हसतो, कुणाशी बोलतो. घरी परतल्यावर त्याला खरं सांगा: "आम्ही डॉक्टरांकडे जाऊन आलो. आमचं कुठे चुकतंय ते विचारायला गेलो होतो. पुढच्या गुरुवारी परत जाणार आहोत. तुला यावंसं वाटलं तर ये."